एमजीए 1500ला कोणतं इंजिन? कोल्हापुरातलं एक प्रकरण

गाडी माझ्या वर्कशॉपला आली ती उसाच्या ट्रॉलीवर बसून. कागलजवळच्या एका मळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये ती 1994पासून उभी होती. 1957ची एमजीए 1500, म्हणजे ब्रिटिश एमजी कंपनीची दोन सीटची स्पोर्ट्स कार, उजव्या हाताचं स्टिअरिंग, रंग एकेकाळी लाल. मालकांना सगळे आबा म्हणतात, मीही म्हणतो. साखर कारखान्याच्या मिल हाउसमध्ये आयुष्य गेलेला माणूस, आता वय सत्तरीच्या आसपास. गाडी त्यांच्या वडिलांनी 1966मध्ये मुंबईहून जुनी घेतली होती. आबांची मुलगी पुण्यात नोकरीला आहे. पैसे ती घालणार होती आणि गाडीही तीच चालवणार होती. ट्रॉलीवरून गाडी उतरायच्या आतच तिने विचारलं, "काका, पत्रा-रंग होईल हो. इंजिन कुठलं टाकायचं?"

या एका प्रश्नात आमचे चार महिने गेले. मी सुरुवातीला एक उत्तर दिलं होतं, ते नंतर मीच मागे घेतलं. असा प्रश्न ज्यांच्यासमोर आहे त्यांना उपयोग होईल म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

आधी गाडीची ओळख. एमजीए 1955मध्ये आली आणि 1962पर्यंत इंग्लंडमधल्या एबिंग्डनच्या कारखान्यात तयार होत राहिली. एक लाखाहून जास्त गाड्या बनल्या, त्यातल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या. आपल्या गाडीत मूळचं इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन (बीएमसी) कंपनीचं 'बी सिरीज', 1489 सीसी, पुशरॉडचं, तीन मेन बेअरिंगचं (क्रँकला तीन ठिकाणी आधार), त्यावर एसयू बनावटीचे दोन कार्ब्युरेटर. ताकद 72 बीएचपी. आज कुणाला हा आकडा किरकोळ वाटेल. पण गाडीचं वजन 900 किलोच्या आसपास आहे आणि जमीन इतकी जवळ की 80चा वेग 120सारखा वाटतो.

मजेची गोष्ट अशी, की हे इंजिन आपल्या देशाला परकं नाही. हिंदुस्थान मोटर्सच्या अँबॅसडरमध्ये वर्षानुवर्षं जे पेट्रोल इंजिन होतं ते हेच, 1489 सीसीचं बी सिरीज. बोअर तोच, 73.025 मिमी. स्ट्रोक तोच, 88.9 मिमी. फरक वरच्या अंगाला. अँबॅसडरला एकच कार्ब्युरेटर, कॉम्प्रेशन कमी, ताकद 55 बीएचपीच्या घरात. त्यामुळे आपल्याकडच्या कित्येक एमजींच्या पोटात कधी ना कधी अँबॅसडरचं इंजिन गेलं. मूळचे सुटे भाग परदेशातून मागवणं अवघड होतं आणि हे इंजिन कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळत होतं. त्या काळच्या मिस्त्रींनी या गाड्या अशाच जिवंत ठेवल्या, आणि त्याबद्दल मला त्यांचा आदर आहे.

आबांच्या गाडीतही तेच निघालं. बॉनेट उघडलं, इंजिन क्रमांकाची पट्टी पाहिली, अँबॅसडरचं इंजिन. जळक्या वातीसारखे काळे पडलेले प्लग काढले, सिलिंडरमध्ये तेल सोडून दोन दिवस ठेवलं, मग हाताने फिरवून कॉम्प्रेशन गेज लावला. चार सिलिंडरचे आकडे 95, 90, 60, 100 पीएसआय. तिसऱ्या सिलिंडरची रिंग गेलेली. म्हणजे असंही इंजिन पूर्ण खोलायचंच होतं, आणि खोलायचंच तर निर्णय आताच घ्यावा हे उघड होतं.

समोर काय काय होतं

पहिला पर्याय, आहे तेच अँबॅसडरचं इंजिन बांधायचं. रिबोअर, नवे पिस्टन, क्रँकला ग्राइंडिंग, वर एमजीएचे दोन कार्ब्युरेटर. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी धोक्याचा मार्ग.

दुसरा, एमजीएच्या पाठच्या एमजीबी या गाडीचं 1798 सीसीचं इंजिन परदेशातून आणायचं. बी सिरीजचाच थोरला भाऊ, स्ट्रोक तोच 88.9, बोअर 80.26. ताकद 95 बीएचपी. पण मला बीएचपीपेक्षा टॉर्क महत्त्वाचा वाटत होता. 1500चा टॉर्क 104 न्यूटन-मीटर, 1800चा 149, तोही कमी आरपीएमला. पन्हाळ्याची चढण तिसऱ्या गिअरमध्ये चढायची की दुसऱ्यात, हे त्यावर ठरतं.

तिसरा पर्याय मुलीच्या एका मित्राने सुचवला. नंतरच्या अँबॅसडर 1800 आयएसझेडमधलं इसुझूचं 1817 सीसीचं इंजिन, सोबत त्याचाच पाच गिअरचा बॉक्स. इंजिन चांगलं आहे, मी स्वतः कितीतरी बांधलेत. कोल्हापूर-सांगली पट्ट्यात अजून मिळतं.

तिसऱ्याचा निकाल टेप हातात घेतल्यावर अर्ध्या तासात लागला. हे इंजिन ओव्हरहेड कॅमचं आहे, म्हणजे कॅमशाफ्ट वर हेडमध्ये, म्हणून उंच, आणि एमजीएचं बॉनेट बुटकं. बॉनेट बंद व्हायचं तर इंजिन खाली घ्यावं लागणार, खाली घ्यायचं तर सम्प, म्हणजे इंजिनाखालचं तेलाचं भांडं, कापून बसका करावा लागणार, आणि चेसिसवर नव्या माउंटिंगसाठी वेल्डिंग करावं लागणार. एमजीएची चेसिस स्वतंत्र, पेटीसारख्या बंद सेक्शनची आहे. गाडीतली सर्वांत भक्कम आणि सर्वांत मौल्यवान चीज तीच. इतकी वर्षं शेताला पाणी पाजणाऱ्या पाटाशेजारी काढूनही ती गंजलेली नव्हती. तिला वेल्डिंगचा टाका घालायला माझा हात धजावला नाही, आणि मी ते स्पष्ट सांगितलं.

उरले दोन. इथे माझा सल्ला होता: 1800 आणा, तेही 1962 ते 1964मधलं सुरुवातीचं, तीन बेअरिंगचं. ऑक्टोबर 1964पासून एमजीबीला पाच मेन बेअरिंगचं इंजिन आलं. ते जास्त टिकाऊ आहे यात वाद नाही. पण त्याच्या क्रँकचं मागचं टोक वेगळं. एमजीएचा फ्लायव्हील, मागची प्लेट, गिअरबॉक्सच्या शाफ्टला आधार देणारा बुश, यातलं काही सरळ बसत नाही. तीन बेअरिंगचं इंजिन जुन्या गिअरबॉक्सला फारसं न रुसता जुळतं.

आबा ऐकत होते. ते म्हणाले, "ताकद वाढवताय, मग ब्रेकचं काय?"

मिल हाउसमधला माणूस. रोलर वाढवला की गिअर, कपलिंग, फाउंडेशन सगळं तपासायचं, ही त्यांची सवय. आणि प्रश्न रास्त होता. 1500ला चारही चाकांना 10 इंची ड्रम ब्रेक. साध्या एमजीएच्या पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आले ते 1959च्या 1600ला. 1800 टाकायचं तर डिस्क टाकायची, डिस्क टाकायची तर पुढचे हब-स्टब बदलायचे. रेडिएटरही मग मूळचा पुरेल का, हे बघायचं. एका इंजिनाच्या मागे खर्चाची अशी रांग लागते, आणि ती रांग पहिल्या दिवशी कागदावर लिहून काढली नाही तर अर्ध्यात पैसे संपतात. अशा अर्ध्यात राहिलेल्या गाड्या मी बऱ्याच पाहिल्या आहेत.

वजनाचा मुद्दाही याच रांगेतला. 1967मध्ये एमजीनेच एमजीबीच्या अंगात सहा सिलिंडरचं जड ओतीव लोखंडाचं इंजिन बसवलं आणि तिला एमजीसी म्हटलं. ताकद भरपूर, पण नाक जड झालं, वळणावर गाडी बाहेर ओढायला लागली, आणि दोन वर्षांत उत्पादन बंद झालं. नंतर 1973मध्ये रोव्हरचं अॅल्युमिनियमचं व्ही8 बसवलं. सिलिंडर दुप्पट, सीसी जवळपास दुप्पट, वजन मात्र मूळच्या चार सिलिंडरएवढंच, म्हणून ती गाडी सरळ चालली. आमच्या 1800मध्ये ही अडचण नव्हती, कारण घराणं एकच आणि वजनही जवळपास तेवढंच. म्हणूनच माझा कल तिकडे होता.

गोणपाटाखालचा ब्लॉक

मग एके दिवशी मी जॅक-पाना आणि लाकडी फ्लोअरबोर्ड शोधायला आबांबरोबर मळ्यावर गेलो. शेडच्या कोपऱ्यात, युरियाच्या रिकाम्या पोत्यांच्या आणि गोणपाटांच्या ढिगाखाली एक इंजिन ब्लॉक पालथा पडला होता. आबा म्हणाले, "हा तोच. फुटलेला."

1973 साली त्यांचे वडील रत्नागिरीहून परत येताना आंबा घाटात गाडी तापली. साखरप्याकडून वर चढताना पाणी उकळून बाहेर पडलं. त्यांनी गाडी थांबवली, झऱ्याचं गार पाणी आणलं आणि तापलेल्या इंजिनात तसंच ओतलं. ब्लॉकची बाजू टण्णकन वाजली. आबा तेव्हा शाळेत होते आणि मागच्या सामानावर बसले होते. तो आवाज अजून आठवतो म्हणाले. कोल्हापुरात कुणीतरी वेल्डिंग केलं, ते गळलं, मग अँबॅसडरचं इंजिन आलं आणि जुना ब्लॉक शेडमध्ये गेला.

मी ब्लॉक उलटा केला. उजव्या बाजूला पट्टी होती. डिझेलच्या फडक्याने पुसली. काळ्या थराखालून अक्षरं वर आली: बीपी15जीबी, आणि पुढे क्रमांक. बीपी15जीबी म्हणजे एमजीए 1500चं अस्सल इंजिन.

घरी येऊन आबांनी कपाटातून आरसी बुक काढलं. वडिलांनी 1973मध्ये इंजिन बदलल्याची नोंद आरटीओत कधी केलीच नव्हती. बुकात क्रमांक होता तो गोणपाटाखालच्या ब्लॉकचा. म्हणजे 21 वर्षं गाडी कागदाला न जुळणाऱ्या इंजिनावर फिरली होती, आणि कागदाला जुळणारं इंजिन पोत्यांखाली पडून होतं.

त्या क्षणी माझं मत फिरलं. त्यात भावनेचा भाग आहे, मी नाकारत नाही. पण हिशोबाचाही आहे. मोटर वाहन कायद्याच्या कलम 52नुसार गाडीचा तपशील उत्पादकाने ठरवल्यापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला आपल्या मर्जीने करता येत नाही. जानेवारी 2019मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही यावर ठाम निकाल दिला. जुलै 2021मध्ये व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचे वेगळे नियम आले. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं झालेली, मूळ रूपात जपलेली, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न केलेली गाडी व्हिंटेज धरली जाते. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं. अशी गाडी रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, इंधन भरणं अशाच कामांसाठी रस्त्यावर आणता येते. आबांच्या मुलीला त्यात जायचं की साधी नोंदणी नूतन करायची हे नंतर ठरवता येणार होतं. पण दोन्हीकडे तपासणी करणारा माणूस खाली वाकून इंजिन क्रमांक पाहणारच. आयात केलेल्या 1800च्या मागे कागदांचं वेगळं प्रकरण सुरू झालं असतं. हा ब्लॉक वाचला तर काहीच सुरू करायला नको होतं.

मी मुलीला फोन केला. ती काही वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पण काका, ताकद?"

मी तिला खोटं सांगितलं नाही. 1800चा टॉर्क या ब्लॉकमधून निघणार नाही. पण 72 बीएचपीचं इंजिन कागदावरची ताकद खरोखर देईल असं नीट बांधलेलं, हे तिने कधी चालवलेलं नव्हतं. तिने लहानपणी चालती पाहिलेली गाडी 55 बीएचपीच्या, रिंगा गेलेल्या इंजिनाची होती. "आधी ब्लॉक वाचतो का बघू," एवढ्यावर आम्ही थांबलो.

तडा

तडा उजव्या बाजूच्या पाण्याच्या जॅकेटवर, म्हणजे सिलिंडरभोवती पाणी खेळवणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर होता, कोअर प्लग या झाकणाच्या खालून निघून मागे गेलेला, 16 सेंटीमीटर लांब. सिलिंडरची भिंत आणि मेन बेअरिंगचे आधार शाबूत. डाय पेनिट्रंट, म्हणजे बारीक तडे दाखवणारा रंग, मारून दोनदा खात्री केली, कारण तडा आतल्या भिंतीत उतरला असता तर विषय संपला असता.

खरी अडचण तड्याची नव्हती, जुन्या वेल्डिंगची होती. ओतीव लोखंड गरम न करता वेल्ड केलं की टाक्याच्या कडेचं लोखंड पांढरं, काचेसारखं कडक होतं. साधा ड्रिल त्यावर नुसता घसरतो. शिवाजी उद्यमनगरातल्या ज्या मिस्त्रींकडे मी ब्लॉक नेला, त्यांनी नखाने तो टाका टकटक वाजवला आणि म्हणाले, "हे काढायलाच लागतंय. ह्याच्यावर काय बी धरणार न्हाई."

कोल्हापूरला हे काम होऊ शकलं याचं मला अप्रूप नाही. ज्या गावाने ऑइल इंजिनं बनवली, ज्याच्या फाउंड्र्यांत देशभरच्या मोटारींचे भाग ओतले जातात, तिथे ओतीव लोखंडाची नस ओळखणारी माणसं आहेत. मिस्त्रींनी वेल्ड झालेला 4 सेंटीमीटरचा तुकडा ग्राइंडरने कापून बाहेर काढला. तिथे तेवढ्याच जाडीचा ओतीव लोखंडाचा तुकडा घासून घासून बसवला. बाकीच्या तड्याच्या टोकाला आधी भोक पाडलं, म्हणजे तडा पुढे धावत नाही. मग थंड स्टिचिंग: तड्यावर भोक, त्यात आटे, आट्यात स्टड, स्टड कापून सपाट, पुढचं भोक आधीच्या स्टडला थोडं खाऊन. शेजारी शेजारी, एकमेकांत अडकलेले. दर काही अंतरावर तडा आडवा बांधणारी कुलपं. उष्णता कुठेच नाही. जॅकेटची भिंत जेमतेम 5 मिलिमीटरची, त्यामुळे प्रत्येक भोकाला हात हलका. तीन दिवस लागले.

मग सगळी तोंडं प्लेटा लावून बंद केली, 80 अंशांचं पाणी भरलं आणि 3 बारचा दाब दिला. या गाडीच्या रेडिएटरचं झाकण अर्ध्या बारच्या आतच उघडतं. एक तास आम्ही टॉर्च घेऊन त्या रेघेकडे बघत बसलो. एका स्टडपाशी ओल आली. तो काढून नवा बसवला. दुसऱ्या तासाला रेघ कोरडी.

मग वाढवलं काय

मूळ ब्लॉक ठेवायचा म्हणजे काहीच सुधारायचं नाही असं नव्हतं. बोअर 0.040 इंच वाढवला, त्याने 1489चं 1531 सीसी झालं. क्रँक मूळचा नव्हताच, अँबॅसडरच्या इंजिनातला घेतला. क्रॅक तपासून, 0.020 इंच अंडरसाइज ग्राइंड करून. क्रँक, फ्लायव्हील आणि क्लच एकत्र बॅलन्स केले, कनेक्टिंग रॉड वजनाला सारखे केले. या कामाचा खर्च थोडा आणि फायदा रोज जाणवणारा. तीन बेअरिंगच्या क्रँकला 5,000च्या वर जो थरकाप येतो, तो निम्म्याने कमी झाला.

हेडवर सगळ्यांत जास्त वेळ दिला. 1800चं हेड 1500वर बसवायचा मोह अनेकांना होतो. त्याची चेंबर मोठी, त्यामुळे कॉम्प्रेशन उलट पडतं, आणि एवढ्याशा बोअरवर मोठे व्हॉल्व्ह ब्लॉकच्या कडेला लागू शकतात. म्हणून एमजीएचंच हेड मिळवलं. एक्झॉस्टला कडक सीट बसवल्या, कारण शिसं नसलेल्या पेट्रोलवर मूळ लोखंडी सीट झिजत जाते. मग कॉम्प्रेशनचं गुणोत्तर. 1531 सीसीचा एक सिलिंडर 382.8 सीसीचा. मला 8.7 हवं होतं, म्हणजे वर एकूण 49.7 सीसी जागा हवी: हेडची चेंबर, गॅस्केटची जाडी आणि पिस्टनच्या माथ्यावरचा खळगा मिळून. हेड पालथं ठेवून चेंबरवर भोक असलेली अॅक्रिलिकची काच ग्रीस लावून बसवली आणि ब्युरेटमधून रंगीत पाणी थेंब थेंब सोडलं. चारही चेंबर अर्ध्या सीसीच्या आत जुळेपर्यंत घासल्या. मूळचं कॉम्प्रेशन 8.3. यापेक्षा वर गेलो असतो तर उन्हाळ्यात घाटात इंजिन ठोकलं असतं.

कॅमशाफ्टवर आमची चर्चा झाली. मुलीने कुठेतरी वाचलेला रेसिंगचा कॅम हवा होता. मी नाही म्हटलं. तसा कॅम वरच्या आरपीएमला देतो ते खालून काढून घेतो, आणि आपल्या रस्त्यांवर गाडी 2,000 ते 4,000मध्येच राहते. मूळच्या मापाचा कॅम ठेवला.

डिफरन्शियलचंही तसंच. या गाडीचं मूळचं 4.3 गुणोत्तराचं; सुरुवातीच्या एमजीबीचं 3.9चं डिफरन्शियल एमजीएच्या अॅक्सलमध्ये बसतं. 4.3वर 100च्या वेगाला इंजिन 3,650 फिरतं, 3.9वर 3,320. पुण्याच्या हायवेला फरक पडला असता. पण 1531 सीसीला घाटात तो भारी झाला असता, म्हणून 4.3च ठेवलं. 1800 आलं असतं तर मी डोळे झाकून 3.9 टाकलं असतं. ब्रेक ड्रमचेच, नवे लायनिंग, सिलिंडरना स्टीलच्या स्लीव्ह, सगळे होज नवे. या ताकदीला ते पुरतात.

कार्ब्युरेटरबद्दल एकच. एच4 प्रकारच्या एसयूमध्ये जेटला कॉर्कची ग्लँड, म्हणजे सील असते. 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला कॉर्क आणि जुना रबर टिकत नाही. सगळे सील आणि पाइप इथेनॉल सोसणारे घातले. इथेनॉलमुळे मिश्रण सात-आठ टक्क्यांनी पातळ पडतं, म्हणून मूळच्या जीएस सुईऐवजी जाड मिश्रण देणारी सुई घेतली. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करायची, हे आबांच्या गडीमाणसालासुद्धा सांगून ठेवलंय.

इंजिन पहिल्यांदा सुरू झाल्यावर रेस 2,000वर वीस मिनिटं धरली, कॅम आणि टॅपेट एकमेकांना बसावेत म्हणून. 800 किलोमीटरनंतर हेड पुन्हा टाइट केलं आणि कॉम्प्रेशन घेतलं: 165, 160, 165, 165. गरम इंजिनला ऑइल प्रेशर 50 पीएसआयच्या वर. मागच्या मेन बेअरिंगमधून तेलाचा थेंब पडतो. या इंजिनाला तिथे सील नसतं, नुसता उलट्या आट्याचा स्क्रोल असतो, तेव्हा थोडं गळणारच. मुलीला ते आवडलेलं नाही.

आरटीओत तपासणीला इंजिन क्रमांक वाचला गेला आणि बुकाशी जुळला. नूतनीकरण झालं. व्हिंटेजमध्ये जायचं नाही, असं तिने सध्या ठरवलंय, कारण तिला गाडी नुसती रॅलीला काढायची नाही.

डिसेंबरात आम्ही तिघं दोन गाड्यांनी साखरप्याला उतरलो आणि परत वर चढलो. मुलगी एमजी चालवत होती, आबा शेजारी. चढ दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये झाला. 1800 असतं तर दुसरा फारसा लागला नसता, हे मी मागून बघत होतो तेव्हाही वाटलं. वर आल्यावर आबांनी गाडी थांबवायला लावली. तापमानाचा काटा 190 फॅरनहाइटला होता. त्यांनी बॉनेट उघडायला लावलं, उजव्या बाजूला वाकून त्या रेघेवरून रुमाल फिरवला आणि तो उलगडून बघितला. मग रुमाल खिशात ठेवला आणि मला म्हणाले, "तो अँबॅसडरचा ब्लॉक टाकू नका हं. सांगलीत एकाला पाहिजे आहे."